पेटीचं पाचवं भोक

“मग चोर नाही तर दुसरं काय म्हणायचं त्याला, आक्का?”

पारिसने जॉयस्टिकच्या दोन्ही पेट्या खाटेवर आपटल्या. आपटल्या म्हणजे, स्वतःची हळूच ठेवली आणि दुसरी आपटली. माणूस कितीही संतापला तरी हात आपलं-परकं ओळखतो.

मालनआक्का खाली मान घालून कामात होत्या. त्यांच्या मांडीवर परात होती. परातीत जुन्या जॉयस्टिकमधून काढलेले बारके खटके होते. एकेक खटका उचलून त्या कानाशी धरत, दाबत. आवाज टणक आला की उजवीकडे, पिचका आला की डावीकडे.

टिक.

“ऐकताय ना?”

“बोल की. एक कान मोकळा हाय.”

टिक.

इचलकरंजीत एके काळी आक्कांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शाळा बुडवून पोरं तिथं बाकावर रांग लावून बसायची. टीव्हीला जोडलेल्या त्या गेमच्या दांड्या पोरांच्या हातात टिकायच्या नाहीत आणि बाजारात मिळायच्या नाहीत. मग आक्कांनी त्या घरीच बनवायला घेतल्या. लाकडी पेटी, वर दांडी, शेजारी बटणं. दांडी कलली की आतला खटका दाबला जायचा, सोडली की स्प्रिंग तिला सरळ उभी करायची.

दुकान बंद होऊन जमाना झाला. पण जुन्या गेमचं वेड असलेली माणसं या भागात अजून आहेत आणि त्यांच्यात आक्कांचा शब्द शेवटचा. जॉयस्टिक कुणाची घ्यावी, दुरुस्तीला कुणाकडे टाकावी, हे त्या सांगत. सांगत म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी, आणि तेही एका वाक्यात.

पारिस चौगुले त्यांचा शिष्य. एकुलता एक शिष्य, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

आज त्याला ते एक वाक्य हवं होतं.

“रविवारी सांगलीत सगळे जमणार आहेत,” तो म्हणाला. “तुम्ही येणारच आहात. उभं राहून फक्त एवढं म्हणा, जयसिंगपूरचा बसू चोर आहे. मला बाकी काही नको.”

“आन् मी म्हटलं तर त्येचं काय हुईल?”

“दुकान बंद पडेल. दुसरं काय?”

“यंत्रमागावरची नोकरी सोडून टाकलंय म्हणं त्येनं दुकान.”

“ते चोरी करण्याआधी बघायचं होतं.”

आक्कांनी एक खटका दाबला, पुन्हा दाबला आणि डावीकडे टाकला.

पारिसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि इथे त्या आगीवर कुणी फुंकर घालेना की तेल ओतेना. रागावलेल्या माणसाला समोर राग नाही दिसला की त्याला आपणच खोटे पडल्यासारखं वाटतं. तो खाटेच्या कडेवर बसला, लगेच उठला.

“कसं केलं माहितीये त्यानं? माझी एक पेटी कुणाकडून तरी जुनी विकत घेतली. घरी नेली. स्क्रू काढले, आत बघितलं आणि तश्शीच बनवली. एकदा माझ्याकडे आला नाही. एका शब्दानं विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा.”

“बीळ बी तुझंच म्हणायचं.”

“नाहीतर कोणाचं?”

आक्कांनी पुढचा खटका कानाशी धरला.

“माझ्याकडे पुरावा आहे,” पारिस म्हणाला.

त्याने दोन्ही पेट्या पालथ्या घातल्या. तळाची फळी दोन्हीकडे सारखीच. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. आणि डाव्या अंगाला, स्क्रूपासून बोटभर आत, एक पाचवं भोक.

“हे बघा. चार भोकं स्क्रूची. हे पाचवं. आख्ख्या दुनियेत कुणाच्या जॉयस्टिकला इथं भोक नसतं. फक्त माझ्या पेटीला असतं. आणि आता त्याच्या पेटीला आहे. चोर खूण ठेवून जातोच.”

“खरं हाय,” आक्का म्हणाल्या.

पारिसला जरा बरं वाटलं.

“आणि वर त्याची हिंमत बघा. त्या भोकातून तार बाहेर काढलीय. टीव्हीकडे जाणारी तार. मी त्या भोकाला इतकी वर्षं जपतोय, कधी धूळ बसू दिली नाही, आणि यानं त्यात तार कोंबलीय. चोरी ती चोरी, वर ही नासधूस.”

त्याची स्वतःची तार पेटीच्या मागच्या कडेला कोरलेल्या खाचेतून नीट बाहेर येत होती. सुंदर खाच होती. कानशीने घासून, पॉलिश करून गुळगुळीत केलेली.

आक्कांनी परात खाली ठेवली.

“पारिस, हे पाचवं भोक कशासाठी रं?”

“कशासाठी म्हणजे?”

“म्हणजे कशासाठी.”

“हवा खेळायला. खटके गार राहतात.”

“खटकं कवा तापलं?”

“गिऱ्हाइकांना मी तसं सांगतो,” पारिस म्हणाला.

“मला सांग.”

“तुमच्या पेटीला आहे, आक्का. तुम्ही मला दिलेल्या पेटीला. मी पहिल्या दिवसापासून तुमच्या पेटीवरनं बनवतो. जसंच्या तसं. एक सूतसुद्धा इकडचं तिकडे केलं नाही मी.” त्याचा आवाज आता थोडा जड झाला होता. “खंडेनवमीला मी तुमच्या पेटीला झेंडू वाहतो. त्या बसूला विचारा, तो कशाला वाहतो.”

आक्का हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पारिसला नंतर वाटलं.

“माझ्या सासऱ्याचा हातमाग हुता,” त्या म्हणाल्या. “मोडीत काढला. त्येची एक फळी उरली ती मी पेटीला खाली लावली. भोक त्या फळीला आधीच हुतं. धोटा इकडनं तिकडं फेकायची दोरी जायची त्यातनं.”

“म्हणजे…”

“मी पाडलंच न्हाई.”

बाहेर कुठल्याशा कारखान्यात यंत्रमाग एका लयीत खडखडत होते. इचलकरंजीत तो आवाज कुणाला ऐकू येत नाही. पारिसला त्या वेळी आला.

प्रत्येक नव्या फळीवर पट्टी ठेवून, पेन्सिलने खूण करून, गिरमिटाने पाडलेलं एकेक भोक त्याला आठवलं. एकदा ते दोन केस बाजूला गेलं होतं म्हणून त्याने अख्खी सागवानी फळी फेकून दिली होती. आणि हे आक्कांना ठाऊक होतं. दरवर्षी नवी पेटी दाखवायला आणत होता तो. त्यांनी हातात घेऊन पालथी केली होती, बघितली होती, परत दिली होती.

“तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस कवा?”

हे ऐकून तर तो भडकलाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभसुद्धा अजून धड जळला नव्हता.

“बरं. भोक मागाचं. मान्य. म्हणून काय त्याची चोरी चोरी नाही झाली?”

“चोरीच की.”

“काय?”

“चोरीच हाय. इचाराय पायजे हुतं त्येनं तुला.”

“मग म्हणा रविवारी तसं.”

“म्हणीन.”

पारिस जागच्या जागी थांबला. एवढं सहज मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“पर लोक इचारतील, काय चोरलं,” आक्का म्हणाल्या. “काय सांगू त्येंस्नी?”

“पेटी. आतली सगळी रचना. दांडीची बैठक, स्प्रिंगची जागा, खटक्यांचा कोन.”

“ते माझं.”

“तुमचंच. पण तुम्ही मला दिलंत. मी मागितलं होतं. मी इथं पायरीवर बसायचो, चहाचे कप विसळायचो, तेव्हा कुठं तुम्ही मला आतलं दाखवलंत. त्यानं काय विसळलं?”

“काय बी न्हाई.”

“मग?”

“मग ते चोरलंच त्येनं. सांगीन तसं. आणि?”

“आणि पाचवं…”

पाचव्या भोकाचं नाव घेता घेता पारिसने जीभ चावली.

आक्कांनी हात लांब केला. त्याची पेटी जवळ ओढली, उलटी होती ती सुलटी केली, दांडीचा शिसवी गोटा बोटांनी चाचपला. गोटा छान होता. कातारी गल्लीतून कातून आणलेला, हाताला लोण्यासारखा लागणारा. त्यांनी तो एकदा चारी दिशांना फिरवला आणि मान डोलावली. पारिसला शाबासकी कळत होती. हीच ती.

मग आक्कांनी पेटीच्या मागची तार मुठीत धरली आणि एक हिसका दिला.

तार हातात आली. टोकाला चार रंगांच्या चार बारक्या वायरी, सोल्डरच्या ठिपक्यांसकट उपटलेल्या. पेटी खाटेवरून घसरली आणि भिंतीला जाऊन लागली.

“आक्का…”

या पेटीत त्याने महिनाभर जीव ओतला होता. पुण्याच्या एका माणसासाठी होती ती, रविवारी सांगलीतच द्यायची होती. दुसऱ्या कुणी हात लावला असता तर पारिसने तो हात धरला असता.

“पोरं अशीच करायची,” आक्का म्हणाल्या. “हरली की तार वढायची. रोज. निम्मं आयुष्य माझं ती तार जोडण्यात गेलं.”

“माझी गिऱ्हाइकं पोरं नाहीत.”

“हरत न्हाईत व्हय?”

मग त्यांनी बसूची पेटी घेतली. तिचा गोटा ओबडधोबड होता, रंग एका कडेला ओघळला होता. पारिसने कधीच अशी पेटी दुकानाबाहेर जाऊ दिली नसती. आक्कांनी तिची तार मुठीत धरली आणि तस्साच हिसका दिला. पहिल्यापेक्षा जोरात, असं पारिसला वाटलं. त्याला तसं वाटायला हवंही होतं.

पेटी खाटेवरून उचलली गेली. तारेला लटकून हवेत हेलकावे खाऊ लागली.

आक्कांनी ती तशीच धरून ठेवली. तिचे हेलकावे थांबेपर्यंत.

पाचव्या भोकातून आलेली तार ताणली गेली होती आणि तसूभरही सरकली नव्हती. आतून काहीतरी तिला घट्ट धरून होतं. गाठ असणार. पण नुसती गाठ असती तर एवढ्या भोकातून निसटली असती. वॉशर घातला असेल का? की तार दुमडून घेतली असेल?

“बघू,” पारिस म्हणाला.

आक्कांनी पेटी त्याच्या हातात दिली.

त्याने ती वळवून पाहिली. भोकात बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना. त्याने पेटी कानाशी नेऊन हलवली. मग राग, रविवार, सांगली, पुण्याचं गिऱ्हाइक, सगळं त्याच्या डोक्यातून बाजूला झालं. शेवटी तो कारागीर होता, आणि कारागिराला बंद पेटी बघवत नाही. त्याने न बघताच खिशात हात घातला आणि स्क्रूड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा जरा घट्ट होता. तो निघाला. तिसऱ्यावर त्याने टोक ठेवलं.

आक्कांचा तळवा फळीवर आला. पेटी झाकली जाईल असा, पूर्ण पसरलेला.

पारिसने वर बघितलं.

आक्का त्याच्याकडे बघत होत्या. कितीतरी वेळ. त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

‘स्क्रू काढले, आत बघितलं’ हे मघाचे शब्द पारिसला आपल्याच आवाजात ऐकू आले.

“त्याला मी… आता मी जाऊन त्याला…” त्याला वाक्य जमेना. “आक्का, रविवारी तुम्ही काय म्हणणार?”

आक्कांनी काढलेले दोन स्क्रू खाटेवरून उचलले आणि त्याच्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

“आधी हे लाव. मग जयसिंगपूरची गाडी पकड, आन् गाठ कशी मारायची ते त्येच्याकडं माग.”