टुणीचा बूट गेला कुठे?

“आहे हिंमत?” खेकडा म्हणाला.

“आहे!” टुणी म्हणाली.

झालं! फसली की नाही?

टुणी कोण, ठाऊक आहे? टुणी म्हणजे बेडकुली. एवढुश्शी. बोराएवढी. परवापरवापर्यंत तिला शेपूट होतं. मग शेपूट गेलं आणि पाय आले. चांगले चार! आणि पाय आले तसं पोरीला वेड लागलं. नाचायचं वेड!

साधासुधा नाच नाही हं. बॅले! म्हणजे काय, तर मागच्या पायांच्या अगदी टोकांवर उभं राहायचं. पुढचे पाय वर. आणि गोल गोल, गर्रर्र!

शिकवायला कोण? बगळीबाई. हो हो, बगळीच! वर्गात कुणाला खायचं नाही, असं बाईंनी कबूल केलं होतं. वर्ग सुटल्यावरचं काही बोलल्या नव्हत्या.

आज संध्याकाळी मोठ्ठा नाच होता. सूर्य बांधाला टेकला की नाच सुरू! आज टुणी सगळ्यांसमोर टोकांवर उभी राहणार होती. पहिल्यांदाच!

पायात गुलाबी बूट. आईनं जत्रेतून आणलेले. बोटभर मोठे.

“वाढत्या पायाचे बरे,” आई म्हणाली होती. आत कोंबला कापसाचा बोळा. झालं काम!

आणि खेकडा? खेकडा बसला होता बिळाच्या तोंडाशी. डोळे वर काढून.

“ए टुणे,” तो म्हणाला, “गवतावर काय, कुणीही नाचेल. चिखलावर नाचून दाखव. आहे हिंमत?”

“आहे!”

टुणी गेली चिखलावर. झाली टोकांवर उभी. एक गिरकी, गर्रर्र. दुसरी गिरकी, गर्रर्र. तिसरी गिरकी...

सुळ्ळकन्!

एका पायातला बूट गेला!

कुठे गेला? चिखलात बघितलं. नाही. पाण्यात बघितलं. नाही. दगडाखाली बघितलं. तिथं एक गांडूळ झोपलं होतं. ते म्हणालं, “शूऽऽ!”

“खेकड्या, माझा बूट?”

“मला काय माहीत? चिखलानं गिळला असेल,” खेकडा म्हणाला. आणि बिळात गडप!

बगळीबाई आल्या. मान लांब करून बघितलं. एक पाय बुटात, एक पाय उघडा.

“एका बुटावर नाच? छे छे छे! पाय मुरगळेल. दोन बूट, तर नाच. नाहीतर खाली बस.”

“बसते कसली!” टुणी म्हणाली.

आणि निघाली. एका पायात बूट, एका पायात नाही. टुणुक टप्प! टुणुक टप्प!

आली शिंपीण पक्षिणीकडे. शिंपीण पानं शिवत होती. सुईसारखी चोच. खुपुक खुपुक.

“शिंपीणमावशी, शिंपीणमावशी, बूट शिव!”

“कशाला गं?”

टुणीनं घसा फुगवला. फूऽऽऽ!

“एका बुटावर मला नाचता येईना!”

“शिवते की!” शिंपीण म्हणाली. “पण टोक कडक नको? मऊ टोकावर उभी राहशील, तर नाकावर पडशील. बाभूळ डिंक देईल, तर शिवीन.”

टुणुक टप्प! टुणुक टप्प! टुणी आली बाभळीकडे.

“बाभूळकाकू, बाभूळकाकू, डिंक दे!”

“कशाला गं?”

टुणीनं घसा फुगवला. फूऽऽऽ!

“शिंपीण बूट शिवेना,
आणि एका बुटावर मला नाचता येईना!”

“देते की!” बाभूळ म्हणाली. “पण ही शेळी बघ. माझा पाला खाते. काटे पण सोडत नाही, मेली! शेळी पाला सोडेल, तर देईन.”

टुणुक टप्प! टुणुक टप्प! टुणी गेली शेळीच्या पुढ्यात. शेळी दोन पायांवर उभी. दाढी हलतेय. करकर करकर.

“शेळीआत्या, शेळीआत्या, पाला सोड!”

“कशाला गंऽऽऽ?”

टुणीनं घसा फुगवला. फूऽऽऽ!

“बाभूळ डिंक देईना,
शिंपीण बूट शिवेना,
आणि एका बुटावर मला नाचता येईना!”

“म्यॅऽऽ! सोडते की! पण मग खाऊ काय? तुझं डोकं? गवत हिरवं होईल, तर सोडीन.”

सूर्य सरकला खाली. पळ टुणे, पळ!

टुणुक टप्प! टुणुक टप्प! टुणी आली गवताकडे. गवत पिवळं. गवत वाळकं. वाऱ्यानं वाजत होतं, सुर्रर्र सुर्रर्र.

“गवतदादा, गवतदादा, हिरवा हो!”

“कशाला गं?”

टुणीनं घसा फुगवला. फूऽऽऽ!

“शेळी पाला सोडेना,
बाभूळ डिंक देईना,
शिंपीण बूट शिवेना,
आणि एका बुटावर मला नाचता येईना!”

“होतो की!” गवत म्हणालं. “पण घसा बघ माझा. कोरडा ठणठणीत! तळं पाणी धाडेल, तर होईन.”

टुणुक टप्प! टुणुक टप्प! टुणी आली तळ्याकडे. तळं पसरलं होतं आरामात. पोटावर कमळाची पानं घेऊन.

“तळेकाका, तळेकाका, पाणी धाड!”

“कशाला गं?”

टुणीनं घसा फुगवला. फूऽऽऽ! आता केवढा फुगवावा लागला! लिंबाएवढा!

“गवत हिरवं होईना,
शेळी पाला सोडेना,
बाभूळ डिंक देईना,
शिंपीण बूट शिवेना,
आणि एका बुटावर मला नाचता येईना!”

“धाडतो की!” तळं म्हणालं. “पण हा बांध बघ. माझ्या वाटेत आडवा पडलाय. जाडा ढोल! खेकडा भोक पाडेल, तर धाडीन.”

खेकडा? तोच तो! बिळात बसलेला!

टुणुक टप्प! टुणुक टप्प! टुणी आली बिळाशी. आत अंधार. आत गप्प.

“खेकड्या, खेकड्या, भोक पाड!”

आतून आवाज आला. बारीकसा.

“कशाला गं?”

टुणीनं घसा फुगवला. फूऽऽऽऽऽऽ! टुणी कुठे आणि घसा कुठे, कळेना!

“तळं पाणी धाडेना,
गवत हिरवं होईना,
शेळी पाला सोडेना,
बाभूळ डिंक देईना,
शिंपीण बूट शिवेना,
आणि एका बुटावर मला नाचता येईना!”

खेकडा आणखी आत सरकला.

“पाड ना रे!”

“माझी नांगी दुखतेय.”

“कुठली?”

“दोन्ही.”

“मग पायांनी पाड. आठ आहेत की!”

“ते पण दुखतायत.”

“आठच्या आठ?”

“हो. तू जा बघू.”

टुणीनं सूर्याकडे बघितलं. सूर्य बांधावर उतरायलाच निघाला होता. लाल लाल, गोल गोल.

“बरं,” टुणी म्हणाली. “नको पाडूस. मीच पाडते!”

आणि लागली खणायला. एवढुश्शी टुणी, एवढा मोठ्ठा बांध! फुर्रफुर्र माती उडाली. थोडी डोळ्यांत गेली. थोडी तोंडात गेली. थू थू थू! भोक किती पडलं? मुंगीचं डोकं जाईल एवढं. तेही मुंगीनं केस कापले तर!

बिळातून एक डोळा वर आला.

मग दुसरा डोळा वर आला.

“अगं, तसं नाही!” खेकडा म्हणाला. “सरळ कसली खणतेस? माती ढासळेल. तिरकं खणायचं असतं!”

टुणी खणतच राहिली. सरळ.

“अगं तिरकं! तिरकं गं! अरे देवा, हो बाजूला!”

आणि आला की खेकडा बाहेर! तिरका तिरका, तुरुतुरु. दोन्ही नांग्या घातल्या बांधात.

खर्रर्र खर्रर्र! खर्रर्र खर्रर्र! ... भस्स!

भोक पडलं!

खेकड्यानं भोक पाडलं, तसं तळ्यानं पाणी धाडलं. झुळझुळ झुळझुळ!

तळ्यानं पाणी धाडलं, तसं गवत हिरवं झालं. सळसळ सळसळ!

गवत हिरवं झालं, तसं शेळीनं पाला सोडला. “म्यॅऽऽ! गवत! गवत! व्हा बाजूला सगळे!”

शेळीनं पाला सोडला, तसा बाभळीनं डिंक दिला. टप्कन् एक थेंब. मधासारखा.

टुणीनं डिंक घेतला डोक्यावर. आता उड्या कशा? टुणुक चिकट्ट! टुणुक चिकट्ट! एकदा दगडाला चिकटली. एकदा शेळीच्या शेपटीला चिकटली. शेळीनं शेपूट झटकलं आणि टुणी उडाली ती थेट शिंपिणीच्या फांदीवर. धप्प!

“आलीस?” शिंपीण म्हणाली. “दाखव पाय. बोटं पसर. आता टोकावर उभी राहा. आणि हा दुसरा बूट काढ बघू. अगंबाई! हा बोळा कुणी कोंबला?”

“आईनं. वाढत्या पायाचे बरे, म्हणाली.”

“फेक तो! नाचाचा बूट पायाच्या मापाचा असतो बाई. मोठा नाही, छोटा नाही. पाय वाढला की ये परत. मी काय पळून चाललेय?”

आणि शिंपीण लागली शिवायला. एक नाही, दोन्ही बूट नवे! पानावर डिंक, डिंकावर पान. पानावर डिंक, डिंकावर पान. खुपुक खुपुक, खुपुक खुपुक. फुंकर मारली, फूऽऽ! टोक वाळलं. कडक!

“आता बडव ते दगडावर,” शिंपीण म्हणाली.

“नवे बूट बडवू?”

“बडवल्याशिवाय वाकत नाहीत. बडव!”

टक टक! टक टक! टुणीला तर मजाच आली.

बूट घातले. फीत बांधली. ढिले? नाही. घट्ट? नाही. अगदी पायाच्या मापाचे!

आता टप्प नाही. आता नुसतं टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

सूर्य बांधाला टेकला. टेकलाच!

“एक बूट,” बगळीबाई म्हणाल्या. “दोन बूट. शाब्बास! वर हो टुणे. वर! अजून वर!”

टुणी झाली वर. अगदी टोकांवर. पडली? नाही. डुलली? थोडीशी. मग उभी राहिली, ताठ! आणि नाचली. टुकटुक टुकटुक! एक गिरकी, गर्रर्र. दुसरी गिरकी, गर्रर्र. तिसरी गिरकी, गर्रर्र! बूट हलला पण नाही!

सगळे ओरडायला लागले. तळं, गवत, शेळी, बाभूळ, शिंपीण, सगळे!

“खेकड्यानं भोक पाडलं,
तळ्यानं पाणी धाडलं,
गवत हिरवं झालं,
शेळीनं पाला सोडला,
बाभळीनं डिंक दिला,
शिंपिणीनं बूट शिवले,
आणि दोन बुटांवर टुणी नाचली!”

“खेकड्या, शाब्बास!” तळं म्हणालं.

“खेकड्या, शाब्बास!” शेळी म्हणाली. तोंडात गवत होतं, तरी म्हणाली.

“खेकड्या, शाब्बास!” टुणी म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं.

खेकड्याला काहीतरी झालं. तो डावीकडे गेला. तो उजवीकडे गेला. डोळे आत घेतले. डोळे बाहेर काढले.

“शाब्बास नका म्हणू,” तो म्हणाला.

“का रे?”

“बूट चिखलानं नाही गिळला.”

“मग?”

“कुणीतरी ओढला. चिखलाखालून.”

“कुणी?”

खेकडा पुटपुटला. पुट् पुट् पुट्. तोंडातून नुसते बुडबुडे.

“ऐकू नाही आलं,” बगळीबाई म्हणाल्या. आणि मान जरा जवळ आणली.

“मी,” खेकडा म्हणाला.

“मोठ्यानं!”

“मी ओढला! टुणी रोज नाचायला जाते. माझ्याशी खेळतच नाही. म्हटलं, बूट गेला की येईल खेळायला.”

टुणीनं कमरेवर हात ठेवले. टोकांवर उभी राहिली. आता ती खेकड्याहून उंच होती!

“मग तसं सांगायचं ना रे, खेकड्या! आता घसा फुगव आणि सगळ्यांना सांग!”

खेकड्याला घसा कुठला? तरी त्यानं फुगवला. फूऽऽऽ! आणि दोन्ही नांग्या वर करून ओरडला. इतक्या मोठ्यानं, की दगडाखालचं गांडूळ जागं झालं.

“टुणीचा बूट मीऽऽऽच ओढला!”