दार सोडायचं नाही

एका गावात एक भोळा शिपाई होता, म्हादबा त्याचं नाव. शाळेची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडं. मास्तर म्हणाले वाजव, की तो वाजवायचा. मास्तर थांब म्हणायला विसरले, की वाजवतच राहायचा. अशी सगळी नोकरी त्यानं चोख केली. शेवटी शाळेनं त्याला शाल-नारळ दिला आणि हेडमास्तर म्हणाले, "म्हादबा, खूप केलंत. आता घर बघा."

म्हादबा घरी आला आणि घराकडं तोंड करून अंगणात बसला. दुसऱ्या दिवशीही बसला.

"अहो, काय करताय?" त्याची बायको हौसाबाई म्हणाली.

"घर बघतोय."

हौसाबाई वसतिगृहात पोरांचा स्वयंपाक करायची. तीही त्याच साली निवृत्त झाली होती. तिला वाटलं, हा माणूस असाच बघत राहिला तर माझं काही खरं नाही. याच्यापेक्षा घरच हलतं केलेलं बरं. तिच्या भावाकडं मागं बंद डबा असलेला एक जुना टेम्पो पडून होता. तो तिनं मागून आणला. मागच्या डब्यात खाट टाकली, शेगडी मांडली, भांड्यांना फळी मारली, पाण्याचं पिंप बांधलं. डब्याला मागं एकच पत्र्याचं दार होतं. दारावर गाडीचा नंबर रंगवलेला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'हॉर्न वाजवा'. आतून तिनं फुलाफुलांचा पडदा लावला. झालं घर तयार.

या घरात बसून दोघं गावोगाव फिरायची. कुठं शाळेचा पत्रा उडालेला, कुठं दवाखान्याचा नळ गळतोय, ते फुकट नीट करून द्यायची आणि पुढं जायची. म्हादबाच्या हाताला वळण छान होतं. त्यानं मारलेला खिळा कधी वाकायचा नाही. फक्त त्याला सांगताना जपून सांगावं लागायचं.

गाडी हौसाबाई चालवायची. आधी म्हादबा तिच्या शेजारी बसत असे. पण रस्त्यावर पाटी दिसली की तो ती पाळायचा. 'वाहने सावकाश हाका' दिसलं की काच खाली करून हळू आवाजात हाका मारायचा. म्हणून तिनं त्याला मागं डब्यात बसवलं. मध्ये जाळीची एक खिडकी होती. तिच्यातून ती बोलायची आणि तो "बरं" म्हणायचा.

अशी फिरत फिरत दोघं तांबटमाळ नावाच्या गावी आली. टेम्पो बालवाडीसमोर थांबला तशी बालवाडीची शेवंताताई पळतच बाहेर आली.

"काकू, देवासारख्या आलात बघा! सोमवारी साहेब येणार आहेत खोली तपासायला. भिंती बघा कशा झाल्यात. काचा मळल्यात, आढ्याला गांधीलमाश्यांचं पोळं आहे. आणि हे दार! दिवसभर नुसतं कुरकुर, कुरकुर. खोली धड दिसली नाही तर बालवाडी बंद करणार. मग पोरांना जावं लागेल ओढ्यापलीकडच्या गावाला."

हौसाबाईनं ओढ्याकडं पाहिलं. पाणी तिच्या गुडघ्याएवढं होतं. मग तिनं पोरांकडं पाहिलं. समोरच एक पोरगी उजवी चप्पल डाव्या पायात घालून उभी होती. चप्पल कुठली कुठल्या पायात ते जिला कळत नाही, ती ओढा कसा ओलांडणार? 

हौसाबाई म्हादबाला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, ऐका. इथं चूक करायची नाही."

"बरं," म्हादबा म्हणाला. "मग कुठं करू?"

हौसाबाईनं पदर खोचला आणि कामाला सुरुवात केली.

"भिंतीला निळ्या रंगाचे दोन हात मारा. तोवर मी बिजागऱ्यांना तेल मिळतंय का बघते."

ती तेल घेऊन परत आली. भिंतीवर निळ्या रंगाचे दोन पंजे होते, एक डावा, एक उजवा. म्हादबा हात धूत होता.

"झालं," तो म्हणाला. "बरं झालं दोनच सांगितलेस. तिसरा तुझा घ्यावा लागला असता."

"अहो, हात मारायचा म्हणजे सगळं रंगवायचं! समोर दिसेल ते रंगवायचं, बोटभर जागा सोडायची नाही!"

"बरं. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

भिंत तिनंच रंगवली. तेवढे दोन पंजे मात्र पोरांनी पुसू दिले नाहीत. सगळी रांग लावून त्यावर आपापला हात ठेवून बघत होती.

दुपारी ती म्हणाली, "त्या खिडकीच्या काचांकडं जरा बघा."

म्हादबानं बघितलं. समोर दिसेल ते रंगवायचं, हे त्याच्या लक्षात होतं. थोड्या वेळानं खोलीत अंधार झाला. पोरं शहाणी, ती आपली सतरंजीवर ओळीनं झोपली.

"अहो!" हौसाबाई ओरडली. "काचा कुणी रंगवतं का? काचा पुसून काढायच्या असतात!"

"बरं," म्हणून म्हादबानं काचा पुसल्या. रॉकेलचा बोळा घेऊन अशा पुसल्या की काच आहे की नाही कळेना. कळेना म्हणून हौसाबाईनं हात लावून पाहिलं. काच नव्हतीच. सगळ्या काचा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

"पुसल्या," म्हादबा म्हणाला, "आणि काढल्या."

हौसाबाई मटकन खाली बसली. "अहो माझ्या राजा, काढलेली वस्तू जिथली तिथं परत लावायची असते!"

"बरं. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

काचा तिनंच कडेनं लांबीचा लगदा भरून बसवल्या. रविवारी पोरं घरी होती, तेव्हा ती म्हणाली, "आता आढ्याचं पोळं काढा. धूर करा, तोंडाला फडकं बांधा आणि जपून काढा."

म्हादबानं धूर केला, फडकं बांधलं, शिडीवर चढला आणि अलगद पोळं काढून पोत्यात घातलं. एक माशी चावली नाही. हौसाबाईला इतकं बरं वाटलं, की ती शेवंताताईला म्हणाली, "बघ हो, आमच्या यांचा हात!"

तेवढ्यात म्हादबा पुन्हा शिडी चढला. त्यानं पोत्यातून पोळं बाहेर काढलं आणि सुतळीनं आढ्याला बांधलं. जिथलं तिथं. धूर एव्हाना विरला होता.

शेवंताताईचा गाल पुरीसारखा फुगला. हौसाबाईचं नाक बटाट्याएवढं झालं.

"अहो," ती नाकातून म्हणाली, "असली नकोशी वस्तू काढली की घरात ठेवायची नसते! ओढ्यात नेऊन सोडायची असते!"

"बरं. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

सोमवार उजाडला. पोरं पावडर लावून आली. सगळं झालं होतं, फक्त दार राहिलं होतं. हौसाबाईनं म्हादबाच्या हातात तेलाची बाटली दिली.

"एवढी दाराची कुरकुर काढा, म्हणजे सुटलो."

ती पोरांचे शेंबूड पुसून येते तोवर म्हादबा ओढ्याकडून परत येताना दिसला.

"काढली का कुरकुर?"

"काढली. ओढ्यात सोडली."

"कुरकुर?"

"दारातच होती ती. सुटी निघेना. मग दारासकट काढली."

हौसाबाईनं पाहिलं. बालवाडीला चौकट होती. चौकटीत ऊन होतं. दार नव्हतं.

"आता गं बाई!" शेवंताताईनं कपाळावर हात मारला. "साहेबांचा फोन आलाय, फाट्यावर पोचलेत! बिनदाराची खोली बघितली की आजच बंद करतील!"

"अहो, साहेब यायच्या आत इथं दार लागलं पाहिजे!" हौसाबाई ओरडली.

"कुठलं?"

"कुठलंही! लावा म्हणजे झालं!"

आणि दोघी ओढ्याच्या काठानं पळत सुटल्या. दार पुढं, दोघी मागं. वळणावर दार पाण्याबरोबर गेलं आणि दोघी धापा टाकत परत आल्या.

बालवाडीला दार होतं. पत्र्याचं, भक्कम, आतून फुलाफुलांचा पडदा. त्यावर गाडीचा नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, 'हॉर्न वाजवा'. एक खिळा वाकला नव्हता.

हौसाबाईनं आपल्या टेम्पोकडं पाहिलं. तिची खाट, शेगडी, भांडी, वाळत घातलेलं लुगडं, सगळं गावाला दिसत होतं. पण बोलायला वेळच नव्हता. साहेबांची जीप आली.

साहेब दारासमोर उभे राहिले. त्यांनी दार वाचलं. मग ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आतून पोरांनी दार उघडलं आणि एका सुरात म्हणाली, "नमस्ते साहेब!"

साहेबांनी कडी लावून पाहिली. लागली. काढून पाहिली. निघाली. कुरकुर नाही.

"आणि हे काय?" त्यांनी भिंतीवरचे पंजे दाखवले.

"रंगाचे दोन हात," म्हादबा म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. "खोली ठीक आहे. बालवाडी इथंच राहील. दारावर नंबर टाकलेली बालवाडी मात्र पहिल्यांदा बघितली. चांगली पद्धत आहे."

शेवंताताई रडायलाच लागली. डोळे पुसून म्हणाली, "काकू, तुमचं दार काढून देते हं."

"राहू दे गं," हौसाबाई म्हणाली. "पोरांना दार पाहिजे. आम्हाला तालुक्याला गेल्यावर दुसरं मिळेल."

मग ती म्हादबाला म्हणाली, "अहो, निघूया. भांडी सांडतील, म्हणून तुम्ही गाडीच्या दारात बसा. आणि काय वाटेल ते होऊ द्या, दार सोडायचं नाही. मी येऊन सांगेपर्यंत हलायचं नाही. कळलं?"

"बरं."

ती पुढं जाऊन बसली. गाडी सुरू केली. "बसलात का?"

"बसलो!" म्हादबाचा आवाज आला.

रस्ता खडबडीत होता. मागं पातेलं पडलं. हौसाबाईनं मनावर घेतलं नाही. आज तिचं मन भरून आलं होतं.

"अहो," ती जाळीतून म्हणाली, "चार दिवस मी तुमच्यावर फार ओरडले. राग मानू नका. तुम्ही आपल्या घराचं दार दिलंत म्हणून त्या लेकरांचा ओढा टळला."

मागून "बरं" आलं नाही. तवा पडला.

"इतक्या वर्षांत कधी बोलले नाही, पण तुमच्यासारखा मनाचा माणूस मिळायला नशीब लागतं."

पिंप पडलं. मग आवाज आला, "बेंऽऽ."

रडतायत वाटतं, असं हौसाबाईला वाटलं. तिचेही डोळे भरले. "रडू नका हो. पुढं चहा पिऊ."

"बेंऽऽ."

चहाच्या टपरीवर तिनं गाडी लावली आणि मागं आली. खाटेवर एक शेळी बसली होती. तोंडात हौसाबाईचं लुगडं होतं. म्हादबा नव्हता.

हौसाबाईनं मागच्या रस्त्याकडं पाहिलं. पडला कुठं तर! तिनं गाडी उलटी फिरवली. वाटेत पिंप दिसलं, ती थांबली आणि चरात वाकून पाहिलं. तवा दिसला, झुडपात पाहिलं. पातेलं दिसलं तेव्हा तिनं हाकच मारली, "अहोऽऽ!" कुणी ओ दिली नाही. सगळे देव आठवत ती तांबटमाळला पोचली.

बालवाडी सुटली होती. आया बाहेर उभ्या होत्या आणि शेवंताताई एकेक पोर खिडकीतून त्यांच्या हातात देत होती. कारण बालवाडीच्या दारात म्हादबा बसला होता. दोन्ही हातांनी दार धरून. ऊठ म्हटलं तर उठत नव्हता.

हौसाबाईला हसावं की रडावं कळेना. ती ओरडली, "अहो, मी तुम्हाला गाडीचं दार सोडू नका म्हणाले होते!"

म्हादबानं दाराकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं.

"नंबर वाच," तो म्हणाला. "गाडीचंच आहे. मी सोडलं नाही. तू गाडी घेऊन कुठं गेली होतीस?"