झरोक्यातली गोधडी

एकदा एक शिष्य हातोडा घेऊन गुरूंसमोर येऊन उभा राहिला. त्याचे वडील जाऊन पंधरवडाच झाला होता. मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते खुंट दिसू लागले होते.

"गुरुजी, ती पेटी मी आज फोडणार," तो म्हणाला. "तिने अण्णांना ऊब दिली नाही."

पेटी त्याच्याच हातची होती. गाव उंच डोंगरावरचे, हिवाळ्यात घागरीतले पाणी गोठावे असे. वडील घरी एकटे, त्यातून जुना दमा. त्यांचा हा हिवाळा सुखाचा जावा, एवढाच मुलाचा ध्यास. त्याने पत्र्याचे रिकामे डबे जमवले, बुडे कापून ते एकावर एक जोडले, काळे रंगवले, लाकडी पेटीत उभे बसवले आणि समोर काच लावली. ती पेटी दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून जडवली आणि भिंतीला दोन झरोके पाडले. खोलीतली गार हवा खालच्या झरोक्यातून पेटीत शिरायची, उन्हाने तापायची आणि वरच्या झरोक्यातून परत खोलीत यायची. ना सरपण, ना धूर. भर दुपारी तिथे हात धरला तर चुलीपुढे बसल्यासारखे वाटे. गावाने तोंडभर कौतुक केले, काही घरांनी तशाच पेट्या करून घेतल्या. वडिलांची खाट तर त्याने मुद्दाम त्या भिंतीलगत सरकवली होती.

शिष्य राहायला आश्रमात. दुपारी घरी जाई आणि विचारी, "अण्णा, ऊब लागते ना?" वडील म्हणत, "लागते की. छान लागते." तो समाधानाने परते. आपल्या हातच्या वस्तूची स्तुती ऐकायची सवय माणसाला फार लवकर लागते.

खोकला मात्र वाढतच गेला. एके दिवशी तो भल्या सकाळीच घरी गेला, तर वडिलांची गोधडी खालच्या झरोक्यात कोंबलेली आणि म्हातारा नुसते उपरणे गुंडाळून कुडकुडत बसलेला. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अण्णा, मी एवढी मरमर करून हवेला वाट काढून दिली आणि तुम्ही ती बुजवता? म्हणूनच खोकला हटत नाही तुमचा!"

"बरं बाबा, नाही बुजवत," एवढेच वडील म्हणाले. त्यांनी शब्द पाळला, आणि आठवडाभरातच ते गेले.

गुरूंनी हे सारे ऐकून घेतले. "फोड," ते म्हणाले. "पण दिवस मावळू दे. मीही येतो."

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा दोघे त्या रिकाम्या घरात शिरले. गुरूंनी शिष्याला वडिलांच्या खाटेवर आडवे व्हायला सांगितले. मग एक उदबत्ती पेटवून ते वरच्या झरोक्यापाशी मुकाट्याने उभे राहिले. ही कसली पूजा, म्हणून शिष्य मनातून चडफडला. ऊन गेले. खोलीत भरकटणारा उदबत्तीचा धूर हळूहळू वळला आणि वरच्या झरोक्यात शिरू लागला. त्याच वेळी खाटेखालून गार वारा शिष्याच्या पाठीला लागला. तो दचकून उठून बसला.

"हा वारा कुठून येतो आहे?" गुरूंनी विचारले.

शिष्याने खाली वाकून झरोक्यापाशी हात धरला. "पेटीतून," तो कसाबसा म्हणाला.

"सूर्य असेतो पेटी ऊब आत आणते. सूर्य गेला की तिच्यातली हवा गार होते, जड होते आणि खालून खोलीत उतरते. खोलीत उरलेली ऊब वरून निघून जाते. यात पेटीचा दोष नाही. झरोक्याला झाकण हवे होते. वडिलांनी ते लावले होते. झाकण म्हणून त्यांच्यापाशी एक गोधडीच होती. तू त्यांना रोज विचारलेस, पण दुपारी विचारलेस. आणि तुझा उत्सुक चेहरा पाहून नाही म्हणायला त्यांची जीभ रेटली नसावी."

त्या सकाळी आपण काय बोललो, ते शिष्याला शब्दन् शब्द आठवले. रडायला लागलेल्या त्या पोराच्या पाठीवर गुरूंनी हात ठेवला.

"दिवेलागण झाली," ते म्हणाले. "गावात अजून पेट्या आहेत."

शिष्याने फळ्या, बिजागऱ्या आणि खिळे गोळा केले आणि तोच हातोडा घेऊन तो निघाला. पहिले घर एका एकट्या म्हातारीचे होते.

"मावशी, पेटीची ऊब लागते ना?" सवयीने त्याच्या तोंडून गेलेच.

"झकास लागते रे," म्हातारी म्हणाली.

एरवी तो एवढ्यावर परतला असता. आज तो तिथेच भिंतीशी बसला. खोली गार होत चालली. म्हातारीची चुळबुळ सुरू झाली; ती एकदा झरोक्याकडे पाही, एकदा त्याच्याकडे. अखेर तिने अंगावरचे कांबळे काढले, झरोक्यापाशी गेली आणि थबकली.

"रागावणार नाहीस ना रे?" तिने चाचरत विचारले. "अण्णांवर ओरडलास, ते इथवर ऐकू आलं होतं."

शिष्याने ते कांबळे घेऊन म्हातारीच्या खांद्यांवर नीट पांघरले आणि खाली बसून झरोक्याला फळी लावू लागला.