टिटवीचा मोडका पंख

तळ्याच्या काठाला अजून कुंपण घातलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. फोटोग्राफर दिगंबरचा नवा कॅमेरा पहिल्यांदाच तिथे आला होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीचं नवल वाटत होतं.

समोर एक टिटवी पंख फरफटत लंगडू लागली.

"ताई, मघाशी तर तू धड चालत होतीस!" कॅमेरा मोठ्याने म्हणाला. "पंख एकाएकी कसा मोडला?"

"हळू बोल रे भावा," टिटवी कुजबुजली. "हे सोंग आहे. सगळ्यांनी माझ्या मागे यावं म्हणून. त्या खड्यांत माझी चार अंडी आहेत."

पण बाभळीवरच्या कावळ्याने कॅमेऱ्याचा प्रश्न ऐकला होता. तो दिगंबरच्या मागच्या दगडावर येऊन बसला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावू लागला.

"पंख धड आहे होय? मग अंडी इथेच असणार. मला मेले खडे आणि अंडी सारखीच दिसतात. तुझी नजर तेज. दाखव की, दादा!"

दिगंबरने नेमका खड्यांकडेच रोख धरला. चारही अंडी कॅमेऱ्याला स्वच्छ दिसत होती. त्याने नजर अलीकडच्या गवताच्या पात्यावर खिळवली आणि हलवलीच नाही.

"याला आज झालंय तरी काय?" दिगंबर वैतागला.

पडद्यावर एक हिरवं पातं होतं आणि मागे नुसतं धुकं. कावळा कंटाळून उडून गेला. दिगंबरने तो फोटो पुसून टाकला.

पिल्लं कधी निघणार, हे कॅमेऱ्याला विचारायचं होतं. त्याने तो प्रश्न मनातच ठेवला.