दूध येईपर्यंत अडसर

माणसं दूध तापवायलाही शिकली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका वासराच्या आतड्यात एक जिवाणू राहत होता. त्याच्या आत सूचनांचा लांबलचक धागा होता. नकल्या नावाचा कामकरी त्या धाग्यावरून धावायचा, सूचनांच्या नकला काढायचा आणि नकलांवरून अवजारं घडायची. दुधाची साखर कापणाऱ्या कात्रीच्या सूचनेवर मात्र अडसर नावाचा पहारेकरी ठाण मांडून बसला होता.

"ऊठ रे!" नकल्या येरझारा घालत ओरडला. "शेजारच्या जिवाणूकडे कात्र्यांचा खणखणाट ऐक! त्याचा अडसर मोडला, सुटला एकदाचा."

"दूध आलंय का?" अडसराने विचारलं.

"येईल की!"

"आलं की त्यातली साखर मला चिकटेल आणि माझी पकड आपोआप सुटेल. तोवर मी हलणार नाही."

नकल्या धुसफुसत राहिला. वासरू आईपासून चुकलं होतं, दूध काही येईना. शेजारी मात्र कापायला काही नसताना कात्र्या घडवतच होता. होती नव्हती ती ताकद त्यातच गेली आणि एके दिवशी खणखणाट थांबला. नकल्याने हाका मारल्या, पण पलीकडून कुणी ओ दिली नाही.

मग वासराला आई सापडली. साखर चिकटताच अडसर गळून पडला, नकल्याने धडाधड नकला काढल्या आणि जिवाणू पोटभर जेवला. दूध संपलं तसा अडसर परतला आणि आपली जागा शोधू लागला. नकल्या धावता धावता थबकला. शेजारी अजून सामसूम होती.

"इथे," बाजूला सरकत तो म्हणाला, "बस."