ओल्या उताराचा दर्जा

गाड्या आपले टायर स्वतः निवडत, त्या काळी घाटमाथ्यावर शेवंता नावाची जीप होती. ती आजारी माणसांना घाट उतरून दवाखान्यात न्यायची. ऐन पावसाळ्यात तिचे टायर गुळगुळीत झाले, तेव्हा ती दुकानात गेली.

एक चकचकीत टायर पुढे आला. "माझ्या अंगावरचे दर्जे वाचा, बाई. वेगात पहिला, टिकण्यात पहिला."

"आणि ओल्या रस्त्यावरची पकड?"

"ते बारीक अक्षर आहे, राहू द्या," म्हणत त्याने ती बाजू भिंतीकडे फिरवली. शेवंताला तिथेच संशय आला.

"इकडे वळ बघू."

तो वळला. तिथे शेवटचा दर्जा होता.

कोपऱ्यातला दुसरा टायर म्हणाला, "मी लवकर झिजतो. वेगातही मध्यम आहे. ओल्यात मात्र पहिला."

शेवंताने त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. त्याला भावंडांसह चढवून ती रिकामीच ओल्या उतारावर गेली आणि तीनदा ब्रेक दाबून आली. मगच तिने माणसं घेतली.

दुसऱ्या दिवशी वळणापलीकडे दरड कोसळली होती. शेवंता हातभर अलीकडे थांबली. मागे तापाने गुंगलेल्या म्हाताऱ्याने डोळे किलकिले करून विचारलं, "दवाखाना आला का?"