कोरड्या चढावरच्या काठ्या

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. खूप उंचावर एक गाव होतं. वर्षातले पाच महिने ते बर्फात बुडालेलं असे. तेव्हा खालच्या गावातल्या वैद्याकडून औषध आणणारा माणूस एकच, फळीवाला. तो पायांना लांब लाकडी फळ्या बांधी, हातांत दोन काठ्या घेई आणि बर्फावरून सरकत जाई.

एका हिवाळ्यात औषध घेऊन परतताना फळीवाला शेवटच्या चढावर बसला, तो उठलाच नाही. सकाळी त्याच्या धाकट्या भावाला तो सापडला. औषधाची कुपी छातीशी घट्ट धरलेली होती.

दमला असेल बिचारा, असं लोक म्हणाले. धाकट्याला ते चटक्यासारखं लागलं. दादा हळू आला म्हणून गेला, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

बर्फ वितळला. गावाची रीत अशी की ज्याला फळ्या हव्यात, त्याने उन्हाळाभर कोरड्या जमिनीवर अंग तयार करायचं आणि पहिल्या बर्फात तो चढ चढून दाखवायचा. मेहनत कोणती, हे मात्र ज्याचं त्याने निवडायचं. धाकटा आपली निवड सांगायला गावातल्या एका म्हातारीकडे गेला. ती एके काळी स्वतः फळ्यांवर जायची. दादाला तिनेच शिकवलं होतं.

"मी रोज उतारावरून धावणार," तो म्हणाला. "दादापेक्षा जोरात."

ती लोकर विंचरत होती. "तुझा दादा कुठे बसला होता रे?"

"चढावर."

"मग उतार कशाला निवडतोस?"

तो चिडला. काठ्या घेऊन चढ चढ, पण बोलता येईल इतक्याच वेगाने, दोराने ओंडके ओढून दंड तयार कर, असं ती सांगत राहिली. तो अर्ध्यातच उठून गेला. बर्फ नसताना काठ्या टेकत चालायचं म्हणजे गावभर हसं.

तो धावला. गुडघे फुटले तरी धावला. थांबलं की दादाचा चेहरा समोर येई, म्हणून थांबतच नसे.

एका दुपारी तो जीव खाऊन उतार धावला आणि तसाच मागे फिरून चढाला लागला. अर्ध्या वाटेवर हातपाय गळाले. तो खाली बसला. बसल्यावर इतकं बरं वाटलं की त्याला भीती वाटली. उठावंसंच वाटेना.

मग दादा सापडला त्या सकाळी पाहिलेल्या बर्फातल्या खुणा त्याला आठवल्या. खालच्या सपाटीवर दादाच्या काठ्या लांब लांब टेकलेल्या होत्या. चढावर त्याच खुणा वीत-वीतभर अंतरावर आल्या होत्या. दादा हळू आला नव्हता. घाईत त्याने सगळा दम सपाटीवरच उधळला होता. भर उन्हात धाकटा तिथेच ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने काठ्या काढल्या. पाणवठ्यावर बायका थबकल्या.

"काय भावजी, बर्फ हरवला का तुमचा?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, आजोबांना वाट द्या गं.

काठ्या भिरकावून द्याव्यात असं त्याला वाटलं. पण पाय त्याच चालीत ठेवून तो म्हणाला, "शोधतोय, वहिनी. सापडला की तुम्हालाच आधी सांगतो." एवढं बोलूनही त्याला धाप लागली नाही. मग तो रोज चढला. रोज ओंडके ओढले. पहिल्या बर्फात चढ चढून दाखवला आणि फळ्या त्याच्या झाल्या.

ऐन थंडीत त्या वहिनीचं लेकरू तापाने फणफणलं. धाकटा निघाला. औषध घेऊन परतताना सपाटीवरच ढग खाली उतरले. वारा सुटला. धाव, धाव, असं सगळं अंग ओरडत होतं. निघताना ऐकलेला लेकराचा श्वास कानात वाजत होता. दात आवळून त्याने चाल आवरली. चढ लागला तेव्हा समोरचं काही दिसत नव्हतं. काठी, पाय. काठी, पाय. बसायचं नाही, हे त्याच्या अंगालाच ठाऊक होतं. दंड टिकले.

तो पोचला तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. औषध लेकराच्या पोटात गेलं आणि पहाटे ताप उतरला.

दारात कुणीतरी पुटपुटलं, फार उशिरा आला.

"आला ना," म्हातारी म्हणाली.

तेव्हा बाळांनो आणि मोठ्यांनो, तयारी करताना आपल्याला शोभणारी मेहनत निवडू नये, आपण जिथे कमी पडतो तिथली निवडावी.